गल्ल्याचा तळ

यमुना शेजवळ अकरा वर्षं कोर्टात दंड घेण्याच्या खिडकीमागे बसली. एवढ्या वर्षांत तिच्या गल्ल्यात कधी एक पेनी कमी भरली नाही. मार्च १९९१ मधल्या एका मंगळवारी सकाळी ऑडिटरने तिला अचानक गल्ला उघडायला लावला, तेव्हाही पैसे कमी नव्हते. जास्त होते.

बाहेरच्या माणसाला यात भिण्यासारखं काही दिसणार नाही. पण ज्याने सरकारी पैशाची पेटी सांभाळली आहे त्याला ठाऊक असतं, की जास्तीचा पैसा हा कमी पडलेल्या पैशाचा सख्खा भाऊ. कोणाचा दंड घेतला आणि पावती फाडली नाही, की पेटीत पैसे वाढतात. संध्याकाळी ते खिशात गेले तर कोणाला कळत नाही. त्याआधीच कोणी पेटी उघडली, तर कळतं.

ते कोर्ट इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीहून बसने जाण्याच्या एका लहान गावात होतं. लाल विटांची इमारत, आत पॉलिश आणि ओल्या कोटांचा वास. दंडाची खिडकी तळमजल्यावर, जाड काचेची, खाली पैसे सरकवायला एक खाच. त्या खाचेतून यमुनेने आख्खं गाव पाहिलं होतं. दारू पिऊन भांडलेले, विमा नसताना गाडी चालवलेले, आणि घरात टीव्ही ठेवायला लागणारं सरकारी लायसन्स नसलेल्या बायका, ज्या सगळ्यात जास्त असत. आठवड्याला दोन पौंड, तीन पौंड असा दंड फेडत. गुरुवारी सरकारी भत्त्याचे चेक वटले की रांग दारापर्यंत जाई. त्या वर्षी पोल टॅक्स, म्हणजे नवा माणशी कर, न भरलेल्यांचीही गर्दी वरच्या कोर्टरूमसाठी जिन्यावर बसलेली असे.

ऑडिटरचं नाव क्रॅडॉक. बारीक, स्वच्छ, बोटांची नखं अगदी मुळाशी कापलेली. खिडकी उघडण्याआधीच तो आत आला, ओळखपत्र दाखवलं आणि म्हणाला, "मिसेस शेजवळ, हात बाजूला घ्या. आता ही पेटी मी उघडतो."

यमुनेने हात मांडीवर ठेवले. शेजारच्या खुर्चीवरची पॉलीन, दुसरी कॅशियर, उगाच हसली.

शेजारच्या एका कोर्टात महिन्याभरापूर्वी एका बाईला अटक झाली होती. यमुना तिला ट्रेनिंगच्या दिवशी भेटली होती. त्या बाईने आपलं अर्धं सँडविच तिला दिलं होतं. तीही कॅशियरच. तिच्या गल्ल्यातही आधी थोडे जास्तीचेच पैसे सापडले होते. कमी पडलं की त्यातून भरायचं, असा तिचा हिशेब. मग वर्षानुवर्षांची चोरी बाहेर आली. म्हणून आता काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, सगळ्या कोर्टांच्या पेट्या उघडल्या जात होत्या.

क्रॅडॉकने नाण्यांचा ट्रे उचलला. गल्ल्याच्या तळाशी हिरव्या बनातीचा, जाड लोकरी कापडाचा, तुकडा होता. त्यावर खोकल्याच्या गोळ्यांची एक चपटी डबी. त्याने डबी उघडली. नाणी होती, घडी घातलेल्या पाच पौंडांच्या काही नोटा होत्या. त्याने बनात उचलली. खाली पन्नास पेनीचं सात कोनांचं एक नाणं होतं, काळवंडलेलं.

त्याने सगळं मोजलं. चाळीस पौंडांच्या थोडं वर निघालं.

"हे पैसे कोणाचे?" त्याने विचारलं.

यमुनेला उत्तर माहीत होतं असं तिला वाटलं. तिने तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला ते माहीत नाही.

*

ते नाणं तिने पहिल्याच दिवशी ठेवलं होतं.

जालन्याजवळच्या तिच्या गावी तिची आई, भीमाबाई, पिठाचा डबा कधी पुरता खरवडत नसे. तळाला मूठभर राहू द्यायचं. त्या मुठीची भाकरी होत असली तरी. लेकरं रडली तरी. "तळ दिसला की तळ वाढत जातो," एवढंच ती म्हणायची. देवाधर्माचं त्यात काही नव्हतं. छप्पन साली त्यांच्या घरातले देव नदीला गेले होते. ही भुकेची रीत होती. भूक देवांपेक्षा जुनी.

१९८० मध्ये, कोर्टातल्या पहिल्या संध्याकाळी, हिशेब जुळवून, पैसे पिशवीत सील करून झाल्यावर यमुनेने रिकामा गल्ला पाहिला. नुसतं लाकूड आणि हिरवी बनात. तिने पर्समधून पन्नास पेनीचं नाणं काढलं आणि बनातीखाली सरकवलं. मग ती निवांतपणे बसला गेली.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा नवरा कडूबा हसत सुटला. "बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. ही तेविसावी तुझ्या आईची!"

"तुम्ही नका ठेवू मग. तुमच्या डब्याला कुठं बूड आहे," ती म्हणाली.

वर्षभर ते नाणं नुसतं पडून होतं. मग एका गुरुवारी एक म्हातारा मजूर आला. त्या दिवशी हप्ता भरला नाही तर वॉरंट निघणार होतं. त्याच्याकडे पन्नास पेनी कमी होते. त्याने खिसे उलटे करून दाखवले. त्यातून तंबाखूचा चुरा काचेच्या खाचेत पडला. यमुनेने खाली वाकून बनात उचलली.

पुढच्या आठवड्यात तो येऊन पन्नास पेनी देऊन गेला. तिने ते परत बनातीखाली ठेवलं. असं होऊ लागलं. कोणाला वीस पेनी कमी, कोणाला दहा. बहुतेक जण परत आणून देत. तिने कोणाला सांगितलं नाही, पण रांगेत उभ्या माणसांना सगळं कळतं. एकदा एका बाईने दंडाचा शेवटचा हप्ता भरला आणि एक पौंडाचं नाणं जास्त सरकवलं. "हे तुमच्या त्या तळाच्या पैशांसाठी, लव्ह. पुढच्या कोणाला कमी पडेल त्याला." यमुनेने ते घेतलं. मग दुसऱ्यांनीही दिले. नाताळात तर एकाने पाचाची नोट दिली. बनातीखाली मावेना तेव्हा गोळ्यांची डबी आली.

डबीवर कुठलाही कागद नव्हता. कोणाला पावती दिली नव्हती. तिला ते कधी सुचलंही नव्हतं. आणि ती बी.कॉम. होती.

*

त्या दुपारी तिला घरी पाठवलं. निलंबन हा शब्द कोणी वापरला नाही. "काही दिवस आराम करा," असं म्हणाले. चावी मात्र मागून घेतली.

निघण्याआधी मिस्टर हॅडलींनी तिला वर बोलावलं. ते क्लार्क होते. इथल्या कोर्टात क्लार्क म्हणजे कारकून नव्हे, कोर्टाचा सगळ्यात मोठा अधिकारी. मॅजिस्ट्रेट येतात जातात, क्लार्क राहतो. हॅडली उंच, सौम्य, कोणाशी बोलताना नेहमी खिडकीकडे बघणारे.

"अकरा वर्षं," ते म्हणाले. "एकदाही तक्रार नाही. मला इथे त्या दुसऱ्या कोर्टासारखं काही नको आहे, मिसेस शेजवळ. तुम्हालाही नको असणार."

"नाही, सर."

"तुम्हाला लेखी जबाब द्यावा लागेल. सोमवारपर्यंत. गर्दीत सुट्टे देताना चुका होतात. वर्षानुवर्षांच्या बारीक चुका, त्यांचं एवढं झालं. नक्की कसं झालं ते सांगता येत नाही, असं लिहिलंत तर मला ते समजण्यासारखं वाटेल. पैसे काउंटीकडे जमा होतील आणि विषय मिटेल."

"पण चुका झाल्या नाहीत, सर."

हॅडलींनी खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे पाहिलं. "सोमवारपर्यंत विचार करा," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ती वरच्या मजल्यावर पुढे बसली. शेतं, कुंपणं, एक बंद पडलेला पेट्रोल पंप. सगळं रोजचं होतं, आणि सगळ्याने तिच्याकडे पाठ केली होती. पर्स मांडीवर होती. आपण पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली आहे, हे तिला कॉव्हेंट्री आल्यावर कळलं. शेजारी बसलेली बाई काय समजली असेल?

*

कडूबा घरीच होता. मोटारींचे सुटे भाग करणारा त्याचा कारखाना दिवाळीत बंद झाला होता. तेव्हापासून तो सकाळी जॉब सेंटरला जाऊन यायचा आणि दिवसभर घरातल्या कुठल्या तरी दाराच्या बिजागऱ्या काढून पुन्हा बसवायचा. घराचा हप्ता यमुनेच्या पगारातून जात होता, आणि व्याजाचा दर तर भुतासारखा वाढला होता.

त्याने सगळं ऐकून घेतलं. हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"लिही की मग. म्हणतोय ना सायेब, चुकून झालं म्हणून."

"चुकून नाही झालं."

"मग लिही, माझे होते सगळे. स्वतःचे पैसे ठेवले. त्यात काय फाशी देतेत का?"

"सगळे माझे नव्हते."

"अगं पन्नास पेनी तर तुझे होते! तिथूनच वाढलं ना सगळं? कोंबडी तुझी, मग अंडी कुणाची?"

वरून शिल्पा, त्यांची पंधरा वर्षांची मुलगी, जिन्याच्या कठड्यावरून वाकली. "मम, जस्ट साइन इट ना. माझ्या शाळेत कळलं तर? लोक म्हणणार, तुझा आई कोर्टात पकडली."

"तुझी आई," कडूबा म्हणाला.

"व्हॉटेव्हर, पपा. माझी आई."

जेवताना यमुनेला सारखी दारावरची बेल ऐकू येत होती. दोनदा ती उठून बघून आली. दारात कोणी नव्हतं.

त्या रात्री तिला झोप लागली तेव्हा स्वप्नात खडी फोडण्याचा आवाज येत होता. बहात्तरच्या दुष्काळात, औरंगाबादचं कॉलेज बंद असताना, ती आईबरोबर सडकेच्या कामावर जायची. तिथे मजुरांची हजेरी मांडणारा एक मस्टर कारकून होता. हसतमुख, तोंडात सुपारी. शनिवारी पगार वाटायचा. "सुट्टे नाहीत मावशी, पुढच्या वारी देतो," म्हणून आठ आणे, बारा आणे मागे ठेवायचा. पुढच्या शनिवारी कोणी मागितलं नाही तर ते तिथंच राहायचे, त्याच्या पत्र्याच्या पेटीत. दुष्काळातलं सरकारी गोड पीठ, सुकडी, वाटतानाही माप थोडं आखूड. भीमाबाईला आकडे येत नव्हते, पण वजन हाताला कळायचं. "त्याच्या पेटीत आपल्या भाकरी हायेत," ती म्हणायची. पुढे त्या कारकुनावर चौकशी बसली. त्याने सांगितलं, साहेब, लोकांचेच पैसे होते, लोकांसाठीच ठेवले होते. कोणी आजारी पडलं तर द्यायला. लोक हसले होते. यमुनाही हसली होती.

जागी झाली तेव्हा तिच्या मनात एकच प्रश्न होता. तो खोटं बोलत होता, हे आपल्याला कसं कळलं होतं? त्याच्या पेटीवरही कुठला कागद नव्हता.

*

रविवारी शशिकांत पगारे आला. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये लॅबमध्ये काम करायचा, आणि त्यांच्या बौद्ध संघाचा अध्यक्ष होता. त्याच्याबरोबर विमलाबाई होत्या, संघातल्या सगळ्यात वयस्कर. गुडघे दुखत असूनही त्या जिथे जायचं तिथे जात.

त्या एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जन्माला शंभर वर्षं होत होती. चौदा तारीख रविवारीच आली होती. कम्युनिटी हॉल ठरला होता, वेम्बलीहून जेवण यायचं होतं, लंडनहून वक्ते. खजिनदार यमुना. वर्गणीचे पैसे तिच्याकडे एका बिस्किटांच्या डब्यात होते.

शशिकांतने कोट काढला नाही. चहा घेतला, कप बशीत तीनदा फिरवला.

"वहिनी, गैरसमज करून घेऊ नका," तो म्हणाला. "मला कोणी काही बोललेलं नाही. पण कोर्टातली बातमी बसमध्ये बसून येते. लोक विचारतात, डबा कोणाकडे आहे."

"विचारणारच," यमुना म्हणाली.

"विचारणारच काय विचारणारच!" कडूबा उसळला. "अरे शशा, तुझ्या लग्नाच्या वेळी हॉलचं डिपॉझिट कोणी भरलं होतं?"

"दादा, म्हणून तर मीच आलो. दुसऱ्याला नाही पाठवलं."

"भांडा, भांडा," विमलाबाई म्हणाल्या. "तेवढ्यात मी बिस्किट खाते."

शशिकांत पुढे झुकला. "आणि दुसरं. वहिनी, हे सरळ दिसतंय. पॉलीनचा गल्ला त्यांनी कसा तपासला? वरवर ना? तुमची बनात उचलली. का? तुम्ही काळ्या म्हणून. आपण तक्रार करू. वर्णभेदाच्या तक्रारी घेतात त्या रेस रिलेशन्सवाल्यांकडे जाऊ. मी पत्र लिहितो, पंचवीस सह्या आणतो. ते तुम्हाला हात लावणार नाहीत."

यमुनेने विचार केला. असं कितीतरी वेळा झालं होतं, इतर ठिकाणी, इतर लोकांच्या बाबतीत. तिच्याही बाबतीत झालं होतं. खोटं म्हणता येणार नाही असं ते वाक्य होतं. त्यात शिरून दार लावून घेतलं असतं तर आत ऊब होती.

"पॉलीनचीही बनात उचलली त्यांनी," ती म्हणाली. "खाली काही नव्हतं."

मग तिने कपाटातून बिस्किटांचा डबा आणला आणि टेबलावर ठेवला. वही आणली, पावतीपुस्तक आणलं. "मोजून घ्या. इथेच. सगळ्यांच्या समोर."

शशिकांत संकोचला, पण मोजू लागला. नोटांच्या गड्ड्या, नाण्यांच्या पिशव्या. कडूबा खिडकीकडे तोंड करून उभा. शिल्पा दारात. मोजणी झाली, शशिकांतने वहीतला आकडा पाहिला, पुन्हा एकदा नाणी मोजली.

"वहिनी," तो हळूच म्हणाला. "एक पौंड जास्त आहे."

कडूबा खिडकीपासून वळला.

"कमी तर नाही ना रे?" विमलाबाई म्हणाल्या. "मग जीव का चाललाय तुझा?"

"कमी नाही, मावशी. पण जास्त का आहे?"

यमुनेने डब्यात पाहिलं. तळाला कागद घातला होता. आपणच तो पौंड त्याखाली कधीतरी ठेवला होता, हे तिला आत्ता आठवलं. ठेवताना हात आपोआप गेला होता, जसा डोळ्यात कचरा गेला की जातो. शशिकांतच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. पण त्या पौंडाकडे तो ज्या नजरेने बघत होता ती तिने मंगळवारी पाहिली होती. क्रॅडॉकची नजर. वाईट नव्हती ती. त्या नजरेला फक्त उत्तर हवं होतं, आणि या खोलीत ते उत्तर एकाच माणसाकडे होतं. ते माणूस उद्या मेलं, तर त्या पौंडाचं काय? तो कोणाचा ठरला असता?

"माझा आहे तो," ती म्हणाली. "पण तुम्ही ते मानावं असं काही माझ्याकडे नाही."

"अहो मानतो आम्ही..."

"मानू नका, शशिकांतभाऊ."

तिने तो पौंड उचलला नाही. शेवटी शशिकांतने तिच्या नावाने एका पौंडाची पावती फाडली. जाताना विमलाबाईंनी दारात तिचा हात धरला. "माझी सासूबी डबा रिकामा करू द्यायची नाही," त्या म्हणाल्या. "पण तो तिचा डबा होता गं."

*

त्याच संध्याकाळी यमुनेने जबाब लिहिला. इंग्रजीत, साध्या वाक्यांत. पहिलं नाणं माझं होतं. लोकांचे पैसे कमी पडले तेव्हा मी त्यातून भरले. काही लोकांनी परत केले. काहींनी जास्त दिले, दुसऱ्यांसाठी म्हणून. इथे तिचा हात थांबला.

तोपर्यंत तिला वाटत होतं की आपली चूक एका नाण्याएवढी आहे. स्वतःचे पैसे सरकारी पेटीत ठेवले, नियम मोडला, फार तर ताकीद. आता कागदावर दुसरंच वाक्य आलं होतं. कोर्टाच्या खिडकीतून, कोर्टाच्या खुर्चीवर बसून, तिने लोकांकडून पैसे घेतले होते आणि पावती दिली नव्हती. किती वेळा? आठवत नाही. कोणाकोणाकडून? नावं माहीत नाहीत. त्यातले किती पुढच्याला मिळाले? तिच्या शब्दाखेरीज पुरावा नाही. त्या अटक झालेल्या बाईच्या आरोपपत्रातही याहून वेगळी वाक्यं नसतील. हॅडलींचं वाक्य किती लहान होतं. "सांगता येत नाही." तीन शब्दांत घराचा हप्ता होता, पेन्शन होतं.

कडूबा मागे येऊन उभा राहिला. त्याला इंग्रजी वाचायला वेळ लागायचा. त्याने बोट ठेवून ते वाक्य वाचलं.

"हे लिहिलं तर पोलिसात जाईल."

"जाऊ शकतं."

"मला काम नाही, यमुने."

"माहीत आहे."

त्याने त्या वाक्यावर पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाला, "त्या मस्टर कारकुनाचं काय झालं होतं गं शेवटी?"

"बदली झाली."

"बस?"

"बस. आईचे पैसे काही आले नाहीत."

कडूबाने खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला. तिने वाक्य पुरं केलं.

*

सोमवारी क्रॅडॉकने तो जबाब तिच्यासमोर वाचला. हॅडली खिडकीकडे बघत होते. त्यांच्या मानेवर लाली चढली होती.

"हे तुम्ही का लिहिलंत?" क्रॅडॉकने विचारलं. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा गोंधळ होता.

"तुम्ही विचारलं होतं, पैसे कोणाचे."

"मिसेस शेजवळ, रोज संध्याकाळी पेटी रिकामी दिसणं, याहून दुसरं काहीही तुम्हाला वाचवू शकत नाही. हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"कॅशियर म्हणून ठाऊक होतं," ती म्हणाली.

त्याने नोंद केली. मग सांगितलं की प्रकरण वर जाईल; पोलिसांकडे द्यायचं की नाही ते तिथे ठरेल; पत्र येईल.

पत्र यायला एप्रिल उजाडून बराच पुढे गेला. त्या दिवसांबद्दल यमुना पुढे कधी बोलली नाही. पोस्टमन फाटक उघडायचा तेव्हा ती स्वयंपाकघरात नळ सोडायची, म्हणजे दारातल्या फटीतून पत्र पडल्याचा आवाज येऊ नये. शिल्पा पत्रं उचलून आणायची आणि टेबलावर उलटी ठेवायची. एकदा पोलिसांची गाडी गल्लीत थांबली; शेजारच्यांची सायकल चोरीला गेली होती. त्या रात्री यमुनेला उलटी झाली.

चौदा एप्रिलला ती हॉलमध्ये गेली. जाणार नाही म्हणाली होती, पण विमलाबाई टॅक्सी घेऊन दारात आल्या. "उतरणार नाही मी, गुडघे दुखतात. तूच चढ." हॉल भरलेला होता, निळे झेंडे, मुलांची गाणी, वेम्बलीच्या जेवणाचा वास. यमुना मागच्या रांगेत बसली. शशिकांतने जमाखर्च वाचून दाखवला, सगळं जुळलं होतं. मग त्याने रिकामा बिस्किटांचा डबा उचलून, उलटा करून, सगळ्यांना दाखवला. लोकांना ती गंमत वाटली, टाळ्या पडल्या. यमुनेला तो रिकामा पत्रा बघवेना; तिने नजर दुसरीकडे वळवली.

पत्र आलं. पोलिसांकडे देणार नव्हते. अखेरची लेखी ताकीद. रोख पैशाला पुन्हा कधीही हात लावायचा नाही. फायलींच्या विभागात, खालच्या श्रेणीत बदली, पगारात कपात. आणि शेवटी एक ओळ: डबीतली रक्कम तिने स्वतः कोर्टात भरून पावती घ्यावी.

तिने पत्र दोनदा वाचलं, कडूबाला दिलं, आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिली. कडूबाने पेन्सिलने कपात केलेला पगार लिहिला, त्यातून घराचा हप्ता वजा केला. मग तो कोट घालून जॉब सेंटरला गेला. आठवड्याभरात त्याला एका शाळेत सफाईचं काम मिळालं. बिजागऱ्या तशाच राहिल्या.

*

गुरुवारी रांग दारापर्यंत होती. क्रॅडॉकने पाकीट सील करून तिच्या हातात दिलं होतं आणि तो मागे भिंतीशी उभा होता. यमुना रांगेत उभी राहिली. तिला रांग सोडून पुढे जाता आलं असतं. तिने ते मागितलं नाही. पुढे एक बाई होती, कडेवर मूल. मागे कपड्यांवर रंगाचे डाग असलेला एक माणूस, रंगारी असावा. काचेच्या या बाजूला इतकं गरम होत असेल, हे तिला कधी कळलं नव्हतं.

रंगारी म्हणाला, "तुम्ही त्या आतल्या ना?"

"होते."

"काय केलंत?"

"पैसे घेतले," ती म्हणाली. "पावती दिली नाही."

त्याने शीळ घातली. "किती लावला दंड?"

"दंड नाही. तेच परत भरायचेत."

"नशीबवान आहात," तो म्हणाला, मनापासून.

पुढच्या बाईचे तीस पेनी कमी होते. पॉलीनने काचेआडून यमुनेकडे पाहिलं. यमुनेचा हात पर्सकडे गेला. पर्समध्ये पैसे होते. स्वतःचे, रांगेत उभ्या माणसाचे. ते द्यायला कोणाची बंदी नव्हती. तरी तिला भिंतीशी उभ्या क्रॅडॉककडे वळून पाहावंसं वाटलं. तिने पाहिलं नाही. तिने तीस पेनी त्या बाईच्या हातात ठेवले, खाचेत नाही. बाईने ते सरकवले. पॉलीनने पावती दिली.

मग यमुनेची पाळी आली. तिने पाकीट सरकवलं. पॉलीनने मोजलं.

"कोणाकडून लिहू?"

"लोकांकडून," यमुना म्हणाली. "माझ्या हस्ते."

पॉलीनने तसं लिहिलं. गल्ला उघडला, नोटा आत ठेवल्या, नाणी ज्या त्या खाचेत टाकली. सात कोनांचं काळं नाणं एका क्षणात बाकीच्यांत मिसळलं. क्रॅडॉकने पावती तपासली, मान हलवली आणि निघून गेला.

यमुना फायलींच्या खोलीत आणखी वीस वर्षं होती. इमारतीत शिरण्याआधी ती दारात थांबून पर्स उघडून बघायची, आत आपलंच सगळं आहे ना. ही सवय तिला शेवटपर्यंत गेली नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, चावी बघते.

निवृत्तीच्या दिवशी तिने टेबलाचा खण रिकामा केला. कागद, पेनं, शिल्पाच्या लग्नाचा फोटो. कडूबा खाली कोट घालून थांबला होता. तिने खण पुरता बाहेर ओढला, हात आत घालून कोपऱ्यापर्यंत फिरवला. काही नव्हतं. तिने पुन्हा एकदा हात फिरवला. मग रिकामा खण तसाच उघडा ठेवून ती जिना उतरली, आणि खाली पोचेपर्यंत तिला आपण काहीतरी विसरलो असं वाटत राहिलं.